आमच्या गल्लीतला धबधबा

आमच्या तांबटीण गल्लीत धबधबा नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. नळाला पाणी सकाळी तासभर यायचं, तिथे धबधबा कुठला! पण त्या दिवशी आमच्या जेवणाच्या टेबलावर प्रकाशाची एक गल्ली उभी राहिली आणि तिच्या टोकाला धो धो धबधबा. खाली दोन हंस.

"आजी, तू मुंबईत राहायचीस की काश्मिरात?" माझी नात चार्वी म्हणाली. वय वर्षं दहा, जीभ माझ्यावर गेलेली.

ही गल्ली उभी केली होती एका यंत्रमानवाने. त्याचं सरकारी नाव स्थळशोधक सात, मी त्याला डबा म्हणते. शहरातल्या पाडलेल्या इमारती आणि बुजलेले रस्ते जुन्या फोटोंवरून पुन्हा दाखवायचे, हे त्याचं काम. 'हरवलेल्या मुंबईचा नकाशा' तयार होत होता. त्यात नव्या गल्ल्या घेणं त्या संध्याकाळी सहाला बंद होणार होतं. ज्या गल्लीचा पुरावा नाही, तिथे लिहिणार 'मोकळी जागा'.

मोकळी जागा! अरे, तिथे माझी खानावळ होती. एका पंगतीला चाळीस गिरणी कामगार बसायचे. आता तिथे ऐंशी मजली टॉवर आहे आणि माझ्या चुलीच्या जागी कोणाची तरी मोटार.

"डब्या, हा धबधबा कुठून आणलास?"

"आजी, तुमच्या अकरा फोटोंत तो आहे."

बघते तर खरंच! नाक्यावर एक फोटो स्टुडिओ होता. बारसं असो, साखरपुडा असो, आम्ही नटूनथटून तिथे जायचो आणि रंगवलेल्या पडद्यापुढे उभे राहायचो. गल्लीचा फोटो कोण काढणार? गल्ली काय पळून चालली होती?

"एकेका फोटोवरून मी अंदाज केला. तो चुकला," डबा म्हणाला. चूक लगेच कबूल करतो. आमच्या घरातल्या पुरुषांनी शिकण्यासारखं आहे.

"मग खरं काय नि रंगवलेलं काय, ते कळतं कसं?" चार्वीने विचारलं.

"अंगठा डोळ्यांसमोर धर. एक डोळा मीट. आता तो उघड आणि दुसरा मीट."

"अंगठा उडी मारतोय! फ्रिजवरून कपाटावर गेला!"

"आता हात लांब कर."

"उडी छोटी झाली."

"याला लंबन म्हणतात (बघायची जागा बदलली की वस्तू मागच्या दृश्यापुढे सरकलेली दिसणं). जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. किती सरकली ते मोजलं, की ती किती लांब आहे ते गणिताने निघतं. म्हणून एकाच जागेचे दोन फोटो लागतात, दोन जागांवरून काढलेले."

मीही चष्मा काढून अंगठा धरला. खरंच उडी मारतो हो!

डब्याने मग स्टुडिओतले दोन फोटो शेजारी ठेवले. फोटोवाला जागा बदलून उभा राहिला होता, पण हंस धबधब्यापुढून तसूभरही सरकले नव्हते. दोन्ही एकाच कापडावर, सरकणार कुठे? धबधबा विझला. टेबल रिकामं झालं.

खऱ्या गल्लीचा फोटो माझ्याकडे एकच निघाला, खानावळीच्या पायरीवरून गल्लीच्या टोकाकडे काढलेला. तसाच दुसरा असलाच तर समोरच्या दारातून. म्हणजे शालन गुरवकडे.

शालनशी मी सव्वीस वर्षं बोललेले नाही. माझ्या लेकीच्या साखरपुड्यात तिने चारचौघांत विचारलं होतं, "बासुंदीत आरारूट घातलंस का गं?" मला! खानावळवालीला!

"फोन कर ना," चार्वी म्हणाली.

"तिने करावा."

"तिला कुठे माहितीये? आणि मोकळ्या जागेत तिचंही घर जाईल, आजी."

पाच वाजले होते. केला फोन.

"कोण?"

"मी. समोरची."

"अजून आहेस होय?"

"तुझ्या आधी जाते की काय! तुझ्या दारातून काढलेला गल्लीचा फोटो आहे?"

"आहे. लेकाच्या पहिल्या सायकलचा. पण तुला का देऊ?"

"माझा एकटीचा पुरत नाही गं."

दोन मिनिटांत फोटो आला.

माझ्या फोटोत विजेचा खांब सायकलच्या दुकानापुढे होता, तिच्या फोटोत तोच खांब शिंप्याच्या पाटीपुढे! लांबची गिरणीची चिमणी मात्र जेमतेम हलली होती. डब्याने सगळ्यांचं सरकणं मोजलं. लाल टपालपेटीची उंची त्याला ठाऊक होती, तिच्यावरून माप घेतलं. आणि टेबलावर खांब उभा राहिला, त्याच्या मागे दुकानं, त्यांच्या मागे चिमणी. चार्वीने खाली वाकून गल्लीत डोकावलं.

पावणेसहाला नकाशावर नाव उमटलं: तांबटीण गल्ली.

"पण खानावळीच्या आत नुसतं धुकं आहे," चार्वी म्हणाली.

"जिथे एकही कॅमेरा पोचला नाही, तिथलं मी मनाने बनवत नाही," डबा म्हणाला. "पण घेतलेल्या गल्लीत नंतर भर घालता येते."

फोन अजून चालूच होता. त्यातून शालन ओरडली, "अगं, सायकलवाल्या पाटणकरांच्या सुलूचं केळवण तुझ्याच खानावळीत झालं होतं! तिच्याकडे आतले फोटो असतील. नंबर देऊ?"

"थांब, कागद घेते," मी म्हटलं. "फोन ठेवू नकोस, शालन."