तीर्थपुरीच्या गच्चीवरची दोन पॅनेलं

नंदाबाई आल्या त्या चपला न काढताच ओसरीवर चढल्या.

"मला त्याचं नाव पाह्यजे, हवालदारीणबाई," त्या म्हणाल्या. "नाव पाह्यजे, आणि ते त्याच गच्चीवर, त्याच लोकांसमोर घ्यायचं. माझं नाक जिथं कापलं, तिथंच त्याचं कापायचं."

द्वारकाबाईंनी निवडत असलेली मेथी बाजूला सारली. पोलिसात तीस वर्षं काढून हवालदार म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या. जालन्यात मस्तगडातल्या आपल्या दोन खोल्यांत त्या आता लोकांच्या खाजगी चौकश्या करत. जोडीला त्यांचे दीर साहेबराव असत. ते एसटीतले जुने कंडक्टर. त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे, पण एकदा समजली की ते विसरत नसत.

"बसा. पाणी प्या. मंग सांगा."

नंदाबाईंनी पाणी घेतलं नाही.

ते साल दोन हजार पाच. मार्च लागला होता. ज्यांनी त्या वर्षीचं भारनियमन काढलं आहे त्यांना सांगायला नको, की वीज कधी येईल याची वाट लोक पाहुण्यासारखी पाहत. घरावर सोलर बसवायचं हे तेव्हा नवं खूळ होतं. तीर्थपुरीचे बियाण्याचे दुकानदार बद्रीनाथ यांनी नवं स्लॅबचं घर बांधलं आणि चार ट्यूब, एक पंखा सोलरवर चालवायचं ठरवलं. विकणारे दोघं होते. एक घनसावंगीचे इंद्रभान, दुसऱ्या या नंदाबाई.

"बद्रीनाथ म्हणाले, ऐकीव गोष्टीवर माल घेणार न्हाई. दोघांनी एक-एक पॅनेल माझ्या गच्चीवर शेजारी-शेजारी ठेवा. वॅट सारखे, बॅटऱ्या सारख्या, दोन्ही रिकाम्या. आठ दिवस ऊन खाऊ द्या. आठव्या दिवशी दोन ट्यूबा लावू, ज्याची जास्त वेळ जळंल त्याचा माल."

"बराबर बोलले," साहेबराव म्हणाले.

"इंद्रभानची ट्यूब पाच तास जळली. माझी वीस मिनिटांत गेली. अर्धी गल्ली जमली होती. इंद्रभान सगळ्यांसमोर म्हणतो, 'बाई, हा तर आरसा आहे. तोंड पाहायला घरी घेऊन जा.' लोक पोट धरधरून हसले. गल्लीतली नऊ घरं माझ्याकडून घेणार होती, ती सगळी त्याच्याकडं गेली. आता औरंगाबादची कंपनी म्हणते, महिनाअखेर एकही घर झालं न्हाई तर एजन्सी काढून घेतो. मालक गेल्यापासून याच दुकानावर मी दोन पोरी शिकवून राह्यले."

"मालक काय करायचे?"

"वायरमन होते. आधी भोकरदन तालुक्यात विहिरीवरच्या मोटारी जोडत. मंग जालन्यात दुकान टाकलं. तीन वर्षं झाली, कावीळ झाली न् गेले. दुकानावर, बॅटरीच्या पेट्यांवर अजून त्यांचंच नाव आहे. धर्मराज इलेक्ट्रिकल्स."

"तुमचं पॅनेलच खराब नसंल कशावरून?"

"त्याच पॅनेलवर माझ्या घरी सहा-सहा तास ट्यूब जळालीय."

"वायर कुणी काढली असंल?"

"शक्यच न्हाई. बॅटऱ्या कपाटात होत्या. वायरीच्या सगळ्या जोडांवर बद्रीनाथनं स्वतः लाखेचे शिक्के मारले होते. आठव्या दिवशी शिक्के सगळे शाबूत. गच्चीच्या दाराला कुलूप, चावी त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्यावर."

"पॅनेल मांडल्यावर तुम्ही काही सूचना केल्या होत्या?"

"पुरुष माणसं चहाला ओसरीवर बसली, तेव्हा मी आत बायकांना सांगितलं. म्हणलं, यावर सावली पडू देऊ नका. हे छत्तीस चौकोन माळेसारखे एकात एक जोडलेले आहेत. एका ओळीवर सावली आली तरी अख्खं पॅनेल झोपतं."

"कोण होतं आत?"

"बद्रीनाथची बायको सोनूबाई. आणि त्यांची थोरली विधवा बहीण. नाव न्हाई माहीत. ती काही बोललीच न्हाई."

द्वारकाबाई उठल्या. "साहेबभावजी, तीर्थपुरीची गाडी किती वाजता?"

"सव्वानऊ. म्हणजे पावणेदहा."

*

बद्रीनाथ दुकानातच भेटले. दुसऱ्या चौकशीची कल्पना त्यांना आवडली नाही.

"हवालदारीणबाई, परीक्षा झाली, निकाल लागला. आता काय?"

"तुमच्या कुलपात चोरी झाली, दादा."

"माझ्या? काय चोरलं?"

"ऊन."

बद्रीनाथ चावी आणायला उठले.

गच्चीला छातीइतका कठडा होता, त्यामुळे आजूबाजूच्या घरांतून आतलं दिसत नव्हतं. दोन्ही पॅनेलं अजून तिथंच होती, दक्षिणेकडे तोंड करून कललेली. परत न्यायला टेम्पो आला नव्हता. द्वारकाबाई दोन्हींपुढे बराच वेळ उकिडव्या बसल्या.

"भावजी, हात लावून सांगा काय फरक आहे."

साहेबरावांनी आधी इंद्रभानच्या पॅनेलवरून बोट फिरवलं. "ही काच गुळगुळीत. आरशासारखी." मग नंदाबाईंच्या. "ही खरखरीत. आत बारीक खळगे आहेत, देवीचे वण असल्यासारखे."

"आणि धूळ?"

"धूळ तर दोन्हींवर आहे. फाल्गुनातली. इंद्रभानच्या काचेवर सगळीकडे सारखी. नंदाबाईंच्या..." ते थांबले. "इथं खालच्या ओळीतले चार चौकोन पुसलेले आहेत. वर तेवढीच धूळ आहे."

"पुसायचं तर अख्खी काच पुसली असती, न्हाई का?"

"कुणाला तरी अर्धवट काम करायची खोड असंल," साहेबराव म्हणाले.

"खोड तुम्हाला आहे. हे काम पुरं केलेलं आहे."

*

इंद्रभान बोलावल्याबरोबर मोटारसायकलवर आले. गळ्यात सोन्याची साखळी, तोंडात सुपारी.

"आठ दिवसांत मी या घराची पायरी चढलो असंल तर नाव बदलून घेतो," ते म्हणाले. "परतूरला भाचीचं लग्न होतं. शंभर माणसं सांगतील. आणि मला चोरी करायची गरजच काय? माझा माल पाहा, काच कशी लखलखीत. तिची पाहा, चिंचेच्या सालीसारखी."

"सोनूबाई तुमच्या कोण?"

इंद्रभानची सुपारी क्षणभर थांबली. "मामेबहीण. मंग? बहीण असणं गुन्हा आहे?"

सोनूबाई मात्र चिडल्या. अंगणवाडीतून नुकत्या परतल्या होत्या, खांद्यावरची पिशवीही उतरली नव्हती.

"माझ्या भावानं माल विकला तर मला आनंदच झाला. पण मी काही केलं न्हाई. दहा ते चार मी अंगणवाडीत असते, हजेरी पाहा. हे दुकानात. सासूबाई शेतात. सकाळी स्वयंपाक, संध्याकाळी स्वयंपाक. गच्चीवर जायला वेळ कुठंय? या साली तर माझं वाळवणही मी अंगणात बाजेवर घातलं, गच्चीला कुलूप म्हणून."

"काय घातलं होतं?"

"मुगाचे सांडगे. दाखवू?"

त्यांनी फडताळातून दोन डबे काढले. "हा आमचा. हा छोटा वन्संचा. त्या माळकरी आहेत, कांदा-लसूण खात न्हाईत. त्यांच्या सांडग्यांना त्या मला हात लावू देत न्हाईत. म्हणतात, तुझ्या हाताला लसूण लागलेला असतो."

द्वारकाबाईंनी दोन्ही डब्यांतून मूठ-मूठ सांडगे घेतले. एकेक उलटा करून उजेडाकडे धरला, मग दोन पुड्या बांधल्या.

"वहिनी, तळायला नेऊन राह्यल्या का?" साहेबरावांनी दबक्या आवाजात विचारलं.

"तुम्ही वास घ्या फक्त."

त्यांनी घेतला. "यात लसूण आहे. त्यात न्हाई."

शेवटी बद्रीनाथच्या थोरल्या बहीण आसराबाई. मागच्या पडवीत वाती वळत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, सडसडीत, गळ्यात तुळशीची माळ. नजर वर न उचलता उत्तरं देत होत्या.

"गच्ची? बाई, माझे गुडघे गेलेत. साल झालं, जिना चढले न्हाई."

"मंग तुमचे सांडगे कुणी वाळवले?"

"सोनूनं."

"सासर कुठलं तुमचं?"

"भोकरदनकडचा धावडा. सत्याऐंशीला माघारी आले. तवापासून इथंच."

द्वारकाबाई उठल्या. बाहेर येऊन त्या बद्रीनाथना म्हणाल्या, "उद्या चार वाजता ज्यांनी तो खेळ पाह्यला त्या सगळ्यांना गच्चीवर बोलवा. आणि तुमच्या अक्कांनाही आणा. जिना चढतील त्या."

*

दुसऱ्या दिवशी चार वाजता गच्ची भरली. नंदाबाई कठड्याला टेकून उभ्या होत्या, ओठ आवळून. इंद्रभान सगळ्यांत पुढे, कमरेवर हात ठेवून.

"नंदाबाई, तुमचा मीटर पॅनेलला लावा," द्वारकाबाई म्हणाल्या.

लावला. काटा सरकला आणि वर जाऊन थांबला.

"आता सगळ्यांनी पाहा." त्यांनी एका वाटीतलं भिजवून वाटलेलं मूग घेतलं आणि खालच्या चार चौकोनांवर सांडगे घातले, दाटीवाटीनं, एकाला एक चिकटून. काटा खाली कोसळला. कुणीतरी "आयला" म्हणालं.

"एवढंच केलं होतं. वायर तोडली न्हाई, शिक्का फोडला न्हाई. रोज सकाळी घर रिकामं झालं की ओला सांडगा घालायचा. ओला सांडगा उतरत्या काचेलाही धरून बसतो. चार वाजायच्या आत काढायचा आणि तेवढीच ओळ पुसायची. आठ दिवस ऊन वर पडत होतं, बॅटरी उपाशी."

"पण केलं कुणी?" बद्रीनाथ म्हणाले.

"आधी कुणी केलं न्हाई ते पाहू. इंद्रभान परतूरला होते, आणि चावी तुमच्या स्वयंपाकघरात. त्यांच्या तोंडात घाण आहे, हात मात्र या वेळी स्वच्छ आहेत."

लोक हसले. इंद्रभान लाल झाले.

"राह्यल्या घरातल्या बायका. सावलीची गोष्ट नंदाबाईंनी आत सांगितली, ऐकणाऱ्या दोघीच. सोनूबाई आणि आसराबाई. सोनूबाईंना भावाचा फायदा होता, म्हणून माझा पहिला संशय त्यांच्यावर गेला. पण उन्हाच्या वेळी त्या अंगणवाडीत असतात. आणि हे पाहा."

त्यांनी पहिली पुडी सोडली.

"लसणाचे सांडगे. उलटे करा. खाली कापडाच्या विणीचा ठसा आहे. बाजेवर जुनं लुगडं अंथरून वाळवलेले." मग दुसरी. "हे बिनालसणाचे. यांच्या बुडाला वीण न्हाई. चपटं बूड, आणि त्यावर बारीक फोड आल्यासारखे उंचवटे. साहेबभावजी, या गच्चीवर खळगे कशाला आहेत?"

साहेबराव पुढे आले. या वेळी त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. "नंदाबाईंच्या काचेला. इंद्रभानची गुळगुळीत आहे."

"काचेचा खळगा, सांडग्याचा उंचवटा. आता कुणी म्हणंल, बाईनं तापलेली काच पाह्यली, भोळेपणानं वाळवण घातलं. तर मंग गुळगुळीत काच शेजारीच होती, तिच्यावर सांडगा पटकन सुटला असता. तिच्यावर एकही न्हाई. आणि भोळं माणूस जिना चढलोच न्हाई म्हणत न्हाई. बिनालसणाच्या सांडग्याला या घरात एकच हात लागतो."

सगळ्यांच्या माना वळल्या. आसराबाई जिन्याच्या दारात उभ्या होत्या. आज गुडघ्यांचं नाव काढलं नव्हतं.

"अक्का?" बद्रीनाथचा आवाज चिरकला. "का गं? ही बाई तुझी कोण?"

"तिला विचार, तिच्या पेटीवर नाव कुणाचं आहे," आसराबाई म्हणाल्या. "धर्मराज. धावड्याला आमच्या विहिरीवर मोटार त्यानंच जोडली. अर्थिंगची तार सोडून दिली, घाई होती म्हणे, दुसरं गिऱ्हाईक थांबलं होतं. तिसऱ्या दिवशी आमचे मालक बटन दाबायला गेले ते चिकटले. मी काठीनं सोडवलं. सोडवलं तवा काही उरलं नव्हतं." त्या पहिल्यांदा नंदाबाईंकडे पाहत होत्या. "त्याला कुणी काही विचारलं न्हाई. त्यानं दुकान टाकलं, अंथरुणात मेला. अठरा वर्षं मी बटनाला बोट लावलं न्हाई. माझ्या खोलीत दिवा न्हाई, तेलाची पणती लावते. आणि त्याच्या नावाची पेटी माझ्या भावाच्या घरात? मी रोज सांडगा घालताना म्हणत होते, जा, अंधारात जा. सगळी जा."



नंदाबाई कठडा सोडून पुढे आल्या. त्यांचा चेहरा पांढरा झाला होता, पण आवाज स्थिर होता.

"मला यातलं काही माहीत नव्हतं. खरंही असंल. माझा माणूस घाईचाच होता. पण तो तुमच्यासमोर कधी आला न्हाई, म्हणून तुम्ही मला गाठलं. माझ्या पोरींच्या ताटात हात घातला. लोक हसत होते तवा तुम्ही आत बसून ऐकलं."

"ऐकलं," आसराबाई म्हणाल्या. "पोटभर."

बद्रीनाथ पुढे झाले. हात जोडले. "नंदाबाई, परीक्षा पुन्हा घेऊ. न्हाई, घ्यायचीच न्हाई. माल तुमचा. गल्लीलाही मी सांगतो."

"सांगाल. बिलकुल सांगाल. पण माझी एक अट आहे." नंदाबाईंनी पॅनेलवरचे ओले सांडगे पदरानं पुसून काढले. "चार ट्यूबांतली पहिली यांच्या खोलीत. बाकीच्या नंतर."

"मला नको," आसराबाई म्हणाल्या.

"बटनाची भीती आहे ना? हात लावायची गरज न्हाई. माझ्याकडं रस्त्याच्या दिव्याचा एक डबा आहे, तो जोडते. अंधार पडला की दिवा आपोआप लागतो, उजाडलं की आपोआप जातो. तो विझवायला कुठंच काही नसतं."

आसराबाईंनी भावाकडे पाहिलं. बद्रीनाथनी मान खाली घातली.

"कबूल," ते म्हणाले.

*

नंदाबाई काम करायला मागे राहिल्या. परतीच्या गाडीत राणी उंचेगावचा फाटा मागे पडल्यावर साहेबराव म्हणाले, "वहिनी, आली तवा केवढी आग होती तिच्यात. आणि शेवटी काय केलं, तर त्या बाईच्या खोलीत पहिला उजेड. मोठं मन म्हणायचं. माफ केलं की तिनं."

द्वारकाबाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

"माफ केलं असतं, भावजी, तर विझवायचं बटन बसवलं असतं."