२०३१ साली मोकळं होणारं गाणं

कडेला टवका उडालेली तबकडी, साल १९५८.
रंभाबाईची नवी साडी, एकदाच नेसलेली.
पेटीचा एक अडकलेला सूर.
सहा मिनिटांची फिल्म, गाण्याविना.
दुपारचे तीन.

अपेक्षा भवानी पेठेत मोबाइलचा चार्जर शोधत होती. रेडिओ-पेटी दुरुस्तीच्या दुकानातून गाणं ऐकू आलं — पाण्याचं, होडीचं, बाईच्या आवाजातलं. ती आत गेली.

"हे मला पाहिजे."

"तबकडी विकायची नाही." दुकानदार सिद्धारामनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला नाही. तिच्याकडे पाहिलं मात्र.

"तबकडी कुणाला पाहिजे? गाणं पाहिजे. माझ्या फिल्मला."

फिल्म तिच्या आत्यावर होती. रंभाबाई उजनी धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यावर मोटरहोडी चालवते. मागच्या वर्षी फिल्म ऐनवेळी महोत्सवातून बाद झाली, कारण मागचं संगीत दुसऱ्याचं निघालं. जिथून घेतलं त्या साइटवर 'फ्री' लिहिलेलं होतं. त्याखालच्या अटी अपेक्षानं वाचल्या नव्हत्या. आत्या नवी साडी नेसून, अर्ध्या गावाला सांगून, पहिल्या रांगेत बसली होती. फिल्म लागलीच नाही. आत्यानं साडी घडी करून ठेवली, ती पुन्हा नेसली नाही. या वेळी मुदत शुक्रवारपर्यंत.

"गाणारी बाई कधीच गेली असंल की. मग मोकळंच ना?"

"गाणारीवरून ठरत नाही. रेकॉर्डिंगवरचा हक्क ते निघाल्यापासून साठ वर्षं, ती झाली. चाल पारंपरिक, लेबलवरच छापलंय. शब्द मात्र सिद्रामप्पा नावाच्या कवीचे. ते गेले त्याच्या पुढच्या जानेवारीपासून साठ वर्षं."

"कधी गेले?"

"सत्तर साली. ह्याच पेठेत."

तिनं बोटांवर मोजलं. "म्हणजे... एकतीस साल?"

"जानेवारीत या."

"तोवर तुम्ही ओळख ठेवाल?"

"तबकडी ठेवीन," तो म्हणाला. मग त्याचे कान लाल झाले.

सिद्रामप्पांच्या नातवाचा नंबर मिळाला. परवानगीसाठी मेसेज गेला, निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. "काय कळलं का?" हे विचारायला अपेक्षा मंगळवारी आली. बुधवारीही. फोनवर विचारता आलं असतं.

बुधवारी तिनं त्याला फिल्मचं कच्चं चित्रीकरण दाखवलं. आत्या दोरी ओढते, इंजिन धडधडतं, आणि त्या धडधडीखाली — काहीतरी.

"थांबा. मागं घ्या. ह्या काय म्हणतायत?"

"ओवी. तिचं चालूच असतं. तिच्या आईची, तिच्या आजीची..."

"लिहिली कुणी?"

"कुणीच न्हाय. दळता दळता झाली."

"मग साठ वर्षं कुणाची मोजायची?"

"कुणाचीच न्हाय," म्हणत ती त्याच्याजवळ सरकली. तो लगेच पेटी पुसू लागला.

गुरुवारी दुपारी तीनला ते पेटी घेऊन, ओवी नीट रेकॉर्ड करायला, पाण्यावर गेले. काठावर मोटरपंपांचा आवाज होता, म्हणून आत्यानं होडी मधोमध नेऊन इंजिन बंद केलं.

"ह्यो कोण गं?"

"पेटीवाला."

"पेटीवाले आपल्या गावात काय कमी हायेत? ह्यालाच कशापायी आणलंस?"

अपेक्षानं माइक जोडला. दोनदा.

आत्या गायली. त्यानं पेटीची अडकणारी पट्टी चुकवत फक्त सूर धरला. चौथ्या खेपेला जमलं. मग परवानगीचे कागद निघाले.

"माझ्याच आवाजाला माझीच सही?" आत्या खूश होती. तिनं नाव सावकाश, पूर्ण लिहिलं.

"वाजवणाऱ्याचीही लागते," सिद्धाराम म्हणाला. "कशासाठी वापरणार?"

"फिल्मसाठी."

"किती काळ?"

तो रकाना कोरा होता. अपेक्षानं पेन पुढे केलं. "तूच लिही की."

तू. दोघांनीही ते ऐकलं. त्यानं लिहिलं — 'कायमचं' — आणि पेन परत दिलं नाही.

"हे फक्त पेटीबद्दल असतं," ती म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून दुसरा कागद मागणार होतो..."

"कागद कशाला?" ती पाण्याकडे बघत म्हणाली. "व्हय म्हटलं तर चालंल का?"

"व्हय म्हणायला लई येळ लावलास गं," आत्या म्हणाली आणि इंजिनाची दोरी ओढली.

शुक्रवारी फिल्म महोत्सवाला गेली. डिसेंबरात लागली. अंधारात रंभाबाईनं पडद्यावरचं आपलं नाव मोठ्यानं वाचलं.

सिद्धारामला पोहता येत नाही. गुरुवारी होडीत चढताना हे त्यानं सांगितलं नव्हतं.