एक साक्षीदार कमी

महादेवीचं मृत्युपत्र एका साक्षीदारावाचून अडलं होतं. दोन लागतात, आणि घरचे नकोत, असं तिच्या थोरल्या भावानं, शिवलिंगप्पानं, बजावून पाठवलं होतं. ती शिवण शिकवायची त्या शाळेतल्या एक बाई आल्या, दुसऱ्यांनी ऐनवेळी टांग दिली.

वय अडतीस, नवरा नाही, पोर नाही. शिवण शिकवून बांधलेल्या दोन खोल्या भाच्याच्या नावे करायच्या, आणि बदल्यात भावानं शेवटचं सगळं करायचं, असं ठरलेलं. दुष्काळाच्या साली शेजारच्या एकट्या काशम्मा गेल्या, तेव्हा उचलायला चार माणसं जमेनात. दुपारी नगरपालिकेची गाडी आली. महादेवीनं ते दारातून पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तिला मरणाचं नाही, त्या गाडीचं भ्या वाटे.

रजिस्ट्री कचेरीच्या व्हरांड्यात ती पदरानं वारा घेत बसली. शेजारी खांद्यावर घोंगडं टाकलेला, उन्हानं रापलेला एक उंच माणूस मिशीतल्या मिशीत हसत होता.

"बाई, माजाबी एक साक्षीदार कमी हाय. तुमी माज्या कागदावर सही करा, मी तुमच्या."

"ओळख ना पाळख!"

"मी बिरदेव. सांगोल्याकडं मेंढरं हायती. बायकू न्हाय, लेकरू न्हाय. समदं इधवा भनीला द्यायचं. झाली की वळख!"

तिला हसू फुटलं... पण तेवढ्यात साहेब उठून गेले. "मंगळवारी या," कारकून म्हणाला.

पुढच्या मंगळवारी महादेवीला कागदात घराची पूर्वबाजू चुकलेली दिसली. त्याच्या पुढच्या मंगळवारी बिरदेव सातबारा घरी विसरला. विसरला कसला! डब्यात तिची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असते, हे त्याला ठाऊक झालं होतं. आणि तिनं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं, ते काय कारकुनासाठी?

"साक्षीदार मागं टिकणारा पाहिजे," एकदा कारकून म्हणाला. "उद्या माणूस गेल्यावर कागद खरा ठरवायला त्यालाच बोलवावं लागतं."

बिरदेवानं तिच्याकडं रोखून पाहिलं. "बाई टिकतील. पर त्यांच्यामागं जगायचं काम मला सांगू नगा."

ती लाजली. मग बाहेर लिंबाखाली त्यानं पहिल्यांदाच 'बाई' गाळलं. "महादेवी... दोनी कागद फाडू की. लगीन करू."

तिच्या जिवाला किती बरं वाटलं! घरी जाईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

घरी तिनं भीत भीत विषय काढला. शिवलिंगप्पानं ताट सारलं.

"धनगराच्या घरात जातीस? जा की. मग मेल्यावर त्यांनीच न्यावं. आमच्यातला एक माणूस दारात यायचा न्हाई. तो आधी गेला, तर तुला काशम्मासारखी गाडी नेईल."

भाऊ नेमकं कुठं बोट ठेवायचं ते जाणून होता. आपण भित्र्या आहोत, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि स्वतःचा राग आला. पण राग आला म्हणून भीती थोडीच जाते.

मंगळवारी तिनं कागद त्याच्यापुढं सरकवला. "सही करा, बिरदेव."

त्यानं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"म्हंजी... तुमच्यामागं जगायचं म्हंता?"

"हो."

त्यानं सही केली. तिनंही त्याच्या कागदावर केली. त्याच्या अंगठ्याला शाई लागलेली होती. तिनं ती पदरानं पुसली, सावकाश, गरजेपेक्षा जास्त सावकाश. तो डबा न उघडताच एसटीकडं निघून गेला.

संध्याकाळी शिवलिंगप्पा चष्मा लावून कागद वाचत बसला.

"हा बिरदेव कोण? तोच काय?"

"आता कुणी नाही. साक्षीदार."

"भरवशाचा हाय ना? बोलावलं तर यील?"

"येईल," पदरावरचा निळा डाग मुठीत धरत महादेवी म्हणाली. "मी मेल्यावर येईल."