भिंतीपलीकडचा हशा

गाडी यायला अजून वेळ आहे म्हणता? मग बसा. दिवे घालवलेत ते असू द्या, दिवेवाल्यालाही घरदार आहे. आणि मला भुताखेतांचं विचारू नका. मी संकलक माणूस, जन्मभर नको ते कापून टाकलं. एक तुकडा मात्र कापताही आला नाही आणि लावताही आला नाही. तो सांगतो. घडलं ते स्टुडिओत माझ्या शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या बाबतीत, आमच्या ध्वनिमुद्रकाच्या. त्याला सगळे कानसेन म्हणायचे.

तेव्हा आमची विनोदी मालिका जोरात होती. लिहायचे भाऊ. त्यांचं नाव तुम्ही ऐकलं नसेल. लेखकाचं नाव शेवटी पळत जातं, तोवर लोक पाणी प्यायला उठलेले असतात. सुरुवातीला भाऊ दोन गाण्यांमधली जागा भरायला चुटके लिहून द्यायचे. मग नटांना टाळीची वाक्यं पुरवली. मग ही मालिका, आणि तीत डोक्याचे केस गेले. लग्नकार्यात लोक त्यांचेच विनोद त्यांना ऐकवायचे, आणि भाऊ पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे.

त्यांची लिहायची एक रीत होती. बाहेरच्या खोलीत बसून लिहायचं आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं, सगळ्या पात्रांच्या आवाजात. वहिनी आतल्या खोलीत पडून ऐकायच्या. मध्ये भिंत. वहिनी हसल्या की वाक्य राहिलं, नाही हसल्या की गेलं. एखाद्या नटानं कुरकुर केली तर भाऊ म्हणायचे, "आतून पास झालंय. तू फक्त बोल."

वहिनींचं हसणंही जगावेगळं. आधी श्वास अडकायचा, मग आचके यायचे, मग कुठे हसू फुटायचं. भिंतीतून हसू कधी ऐकू यायचं, कधी नुसते आचके. नवखा माणूस पाणी आणायला धावायचा.

एका रात्री भाऊ असंच वाचत होते. नवरा म्हणतो, "मी फक्त दोनच शब्द बोलणार आहे." बायको म्हणते, "थांबा, आधी अंथरूण घालते."

आतून आचके आले. भाऊ खूश. पुन्हा वाचलं, जरा रंगवून. पुन्हा आचके, जास्त वेळ. मग तिसऱ्यांदा वाचलं. त्यानंतर काही नाही. झोप लागली असेल म्हणून त्यांनी भाग पुरा केला आणि मगच आत गेले.

वहिनी पलंगाच्या काठाशी होत्या. हात भिंतीला टेकलेला.

डॉक्टर म्हणाले, श्वास कोंडून गेल्या. किती वेळ त्रास होत होता, असं त्यांनी विचारलं. भाऊंना सांगता येईना.

भाग ठरल्या दिवशी टीव्हीवर गेला. त्या वाक्यावर टेपवरचा तयार हशा लावला तो कानसेननंच. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक!

पुढे भाऊंनी लिहिणं सोडलं. आणि मार्चातल्या दुसऱ्या मंगळवारी कानसेनला फोन केला. "यंत्र घेऊन ये. एक आवाज घ्यायचाय." अमावास्या वगैरे काही नव्हती. चांगला अर्धा चंद्र होता. कानसेन रात्री साडेदहाला पोचला. त्याला वाटलं, भाऊ पुन्हा लिहायला लागले. वाटेत त्यानं त्यांच्यासाठी नवं पेनसुद्धा घेतलं होतं.

भाऊंनी चहा केला. साखर विसरले.

"दुसरं काही वाचलं की काही होत नाही," ते म्हणाले. "ते एक वाक्य वाचलं की आतून आवाज येतो. रोज."

"भाऊ, तुम्ही चार दिवस आमच्याकडे राहायला चला. बायको कधीची म्हणतेय."

"येईन. आधी एवढं कर. तू इतकी वर्षं हशे लावलेस. खरं हसू कुठलं, भाड्याचं कुठलं, तुला झोपेतही कळतं. ऐक आणि सांग. ती हसत होती, का…"

कानसेन म्हणाला, "सांगतो."

त्यानं आतल्या खोलीत उशीवर माईक ठेवला. वायर दाराखालून बाहेर घेतली, दार ओढून घेतलं, कानांवर हेडफोन चढवले. भाऊंनी वाचलं. नवऱ्याच्या आवाजात. मग बायकोच्या.

आधी शांतता…

मग आचका. मग दुसरा.

कानसेन मला म्हणाला होता, "अरे, मी पैजेवर हशे ओळखलेत. पण तिथं मला काही कळेना. हसू फुटायच्या आधीचा श्वास तो. आणि प्राण सुटायच्या आधीचाही तोच."

"काय?" भाऊंनी विचारलं.

"पुन्हा वाचा."

भाऊंनी वाचलं. आचके वाढले. जवळ आले. उशीवर कुणी तोंड टेकावं, तसे.

"बास, भाऊ. तिसऱ्यांदा नको."

"मग कळणार कसं?"

"नका वाचू…"

भाऊंनी वाचलं.

भिंतीवर काहीतरी घासलं. हळू. वरून खाली.

मग काहीच नाही.

कानसेननं हेडफोन फेकले. दार ढकललं. आत पलंग. उशी. माईक. कुणी नाही. भिंतीला हात लावून पाहिला. थंड.

बाहेर भाऊ खुर्चीतच.

"सांग."

कानसेन आत, उशीपाशी उभा. काय सांगणार? त्या माणसाला अजून किती रात्री काढायच्या होत्या…

"हसू होतं, भाऊ," तो म्हणाला. "अस्सल."

भाऊंनी रिकामा कप हातात घेतला. मग म्हणाले, "विनोद पडला ना, की तीसुद्धा असंच म्हणायची. छान आहे हो, म्हणायची." आणि कप विसळायला उठले.

दुसऱ्या दिवशी कानसेननं ती टेप माझ्या खोलीत लावली. दार लावून आम्ही दोघांनी ऐकली. भिंतीपलीकडून भाऊंचा आवाज. पुढे शांतता. दुसऱ्यांदा भाऊ. शांतता. तिसऱ्यांदा…

शांतता. आचका नाही, घासणं नाही, काही नाही. कानसेननं आवाज पूर्ण वाढवला. "मी ऐकलंय रे," म्हणाला. मी बंद करायला हात पुढे केला.

यंत्र चालूच राहिलं होतं. दार ढकलल्याचा आवाज आला. पावलं आली. मग कानसेनचा आवाज, माईकच्या अगदी जवळ. "हसू होतं, भाऊ. अस्सल."

आणि त्यावर…

त्यावर वहिनी हसल्या. खळखळून. उशीवरून.

काय? भाऊंना ऐकवलं का?

…

आम्ही दोघं जिना चढून त्यांच्या दारापर्यंत गेलो होतो. टेप खिशात होती. मी बेल वाजवायला हात वर केला, आणि कानसेननं तो धरला. म्हणाला, "ती आत्ता हसली रे, माझ्या थापेवर. ती गेली त्या रात्रीचं काय सांगायचं त्यांना?"