मोकळी फरशी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी त्या वरच्या खोल्यांचा विषय मी घरातसुद्धा काढत नाही.

आत्या गेली आणि तिच्या दोन खोल्या माझ्या नावावर झाल्या, आतल्या नर्स भाडेकरणीसकट. मी कोर्टातली टायपिस्ट. घरमालकीण व्हायची ना हौस होती, ना अनुभव. पंधरा दिवसांतच खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका माझ्या दारात उभे.

"ताई, तुमच्या सिस्टरना सांगा जरा. छतातून झुरळं पडतात हो! काल एक गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशातून निघालं."

रविवारी दुपारी मी गेले. जिन्यातच आंबलेल्या दुधाचा आणि ओल्या कागदाचा वास होता. सिस्टरने दार उघडलं. दवाखान्याचा पांढराशुभ्र गणवेश, कडक इस्त्री. आणि तिच्यामागे... रद्दीचे गठ्ठे, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, फुटक्या बादल्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खिडकी गठ्ठ्यांमागे बुडालेली, त्यामुळे भर दुपारी दिवा लागलेला.

"सिस्टर, हे घर आहे की उकिरडा?"

"हळू बोला, ताई."

"का? झुरळांची झोपमोड होईल?"

ती हसली नाही. माझा हात धरून तिने मला दाराशीच थांबवलं.

"मी आळशी नाही हो. एकदा वॉर्ड भरला होता. एक बाई आली, तिला दोन खाटांच्या मधे जमिनीवर झोपवलं. मी जाता-येता ती विचारायची, 'सिस्टर, झाली का जागा?' मी म्हणायचे, होईल हं. सकाळी एक खाट रिकामी झाली. ती मी ओळखीच्या माणसाला दिली. आणि ती... जमिनीवरच गेली." तिचा आवाज अगदी खाली आला. "तेव्हापासून मोकळी जमीन दिसली की ती येऊन पडते. हातभर जागा ठेवली तर हातभर जागेत अंग दुमडून."

बाईचं डोकं फिरलंय, असं मला वाटलं. कीव आली, पण कीव करून झुरळं थोडीच जाणार होती? पुढच्या रविवारी मी भंगारवाल्याला घेऊनच गेले.

हातगाडीच्या चार खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला सिस्टर आडवी येत होती. शेवटी तिने माझे पाय धरले. "सगळं नका नेऊ, ताई. अंगभर जागा होऊ देऊ नका!" मी पाय सोडवून घेतले. ती जिन्यात जाऊन बसली, दोन्ही कानांवर हात ठेवून.

खिडकी उघडली, ऊन आत आलं. मी फरशी घासली, मग ओल्या फडक्याने पुसत दारापर्यंत आले. मागे वळून पाहिलं तर खोलीच्या मधोमध एक पट्टा कोरडा. राहिला असेल म्हणून पुन्हा फडकं फिरवलं. पाणी तिथवर जायचं आणि कडेने वळायचं. मी बादलीच ओतली. पाणी पसरलं आणि मधे आकार उरला... डोकं, खांदा, पोटाशी घेतलेले गुडघे.

आणि जमिनीलगत, अगदी मवाळ आवाजात कुणीतरी विचारलं, "झाली का हो जागा?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "झाली..."

जिन्यातून सिस्टर धडपडत उठली. "ताई! काय बोललात हे?" ती आत आली नाही. सामान न घेता, अनवाणी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याकडे धावले. तेच गठ्ठे परत मागितले, दुप्पट देते म्हटलं. तो हसायला लागला. रद्दी केव्हाच पुढे गेली होती. मग दवाखाना गाठला. सिस्टरचे हात धरून रडले. "परत या हो. हवा तेवढा कचरा करा, मी एक शब्द बोलणार नाही."

तिने हात हळूच सोडवून घेतले. चेहरा ताजातवाना होता. "मला आता झोप लागते, ताई," एवढंच म्हणाली.

चार महिने मी ते कुलूप उघडलं नाही. गेल्या आठवड्यात शिंपीकाका आले. छतातून पाणी ठिबकत होतं. भर सकाळी त्यांना सोबत घेऊन दार उघडलं.

चार महिने बंद खोलीत धुळीचा कण नव्हता. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. मधोमध एक पांढरी चादर अंथरलेली, चुरगळलेली, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

"नवीन कुणी ठेवलंय का, ताई?" काकांनी दबक्या आवाजात विचारलं.

मी चादरीच्या पलीकडे पाहत होते. त्या चादरीला अगदी लागून दुसरी एक चादर होती. तिच्यावर एक सुरकुती नव्हती. वर घातलेल्या पांघरुणाचं एक टोक दुमडून ठेवलेलं, येणाऱ्याला सहज आत शिरता यावं म्हणून.