शिलेखान्याची मोहोर

पहाट फुटली तेव्हा वक्षू नदीवर धुके होते, आणि ते विरळ होऊ लागले तसे पैलतीरावर, जिथे कालपर्यंत नुसती वाळू होती, तिथे शकांच्या हजारो घोड्यांची हालचाल किल्ल्याच्या उत्तर बुरुजावरून स्पष्ट दिसू लागली. यवन राजा सारी फौज घेऊन दक्षिणेच्या मोहिमेवर गेला होता. मागे उरले होते साठ स्वार आणि चार हजार रयत. दुपारपर्यंत नदीचा उतार, म्हणजे घोडे पार होतील अशी उथळ जागा, रोखून धरला तर ही रयत मागच्या दरवाजाने डोंगरातली खिंड गाठणार होती. नाहीतर कोणीच वाचणार नव्हते.

साठांना हजारोंपुढे टिकायचे तर स्वाराच्या अंगावर बख्तर आणि घोड्यावर लोखंडी पाखर हवी. तीही होती. वख्शुदात नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने बारा वर्षे खपून, लोखंडाची पाने चामड्याच्या वाद्यांनी एकमेकांत ओवून साठ जोड घडवले होते. ते सगळे शिलेखान्यात, शस्त्रांच्या कोठीत, बंद होते. दाराच्या दोरीवर राजाची मातीची मोहोर होती आणि लेखी हुकुमावाचून ती मोडणाऱ्याचा उजवा हात तोडण्याची शिक्षा होती.

"कोठीदार, वाद्यांना दर हंगामात चरबी चोळावी लागते म्हणून तीन वर्षे तुमच्या पाया पडतो आहे मी!" वख्शुदात ओरडला.

"आणि तीन वर्षे मी सांगतो आहे, हुकूम नाही," कोठीदार फिलिस्कोस म्हणाला. "मोहोर स्वामींची आहे. मी केवळ राखणदार."

"मग शक आले की त्यांना दाखवा ती मोहोर!"

अशा माणसाचा संताप येतो. आणि जास्त संताप याचा की फिलिस्कोस फितूर नव्हता, भित्राही नव्हता. तो फक्त चोख होता.

वख्शुदातने कमरेचा हातोडा उपसला आणि एका घावात मोहोरेचा चुरा केला. "हात संध्याकाळी तोडा," तो म्हणाला. "आत्ता मला त्याचे काम आहे."

स्वार आत धावले. पहिल्याने बख्तर उचलले आणि वाळून कडक झालेल्या वाद्या तटातट तुटून लोखंडी पाने फरशीवर खळाखळा सांडली. दुसरे उचलले, तेही तसेच. तिसरे, चौथे, दहावे. म्हातारा त्या ढिगात मटकन बसला आणि रागाने रडू लागला.

पण रडतारडताच त्याचे हात चालू लागले. कोपऱ्यातले जुने लगाम कापून त्याने एक बख्तर कसेबसे ओवले आणि स्वारांचा सरदार लिसानियास याच्या अंगावर चढवले. तेवढ्यात बुरुजावरून शिंग वाजले. शक पाण्यात उतरले होते.

लिसानियासने मागे पाहिले. एकोणसाठ स्वार सुती अंगरख्यात उभे होते.

"बाबा, काम नामी झाले आहे," तो हळूच म्हणाला. "पण एकट्याने लोखंडात शिरून या सगळ्यांना चला म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सोडा या गाठी."

"सरदार, एक तरी वाचू द्या!"

"सोडा. आणि तुम्ही खिंडीकडे निघा. हा हुकूम आहे."

म्हाताऱ्याने शिव्या देत गाठी सोडल्या आणि बख्तर दाराजवळच टाकले. साठांनी उतार दुपार टळेपर्यंत धरला. रयत खिंडीपार झाली. साठांतला एकही परतला नाही. रयतेबरोबर निघण्यापूर्वी फिलिस्कोसने सवयीने शिलेखान्याचे दार ओढले, नवी दोरी बांधली आणि तिच्यावर ओली माती थापली. संध्याकाळी शकांनी लावलेल्या आगीत छत कोसळले. वख्शुदात डोंगरापलीकडे आणखी नऊ वर्षे जगला, दोन्ही हातांनिशी, आणि रोज चिडलेला.

बावीस शतकांनी उत्खनन करणाऱ्यांना त्या फरशीवर गंजून एकमेकांना चिकटलेली लोखंडी पाने सापडली. चामडे केव्हाच मातीत गेले होते. एक बख्तर इतरांपासून वेगळे, दाराजवळ पडलेले होते. त्यांनी त्याचे माप घेतले, चित्र काढले आणि टिपणात लिहिले: हे बख्तर कोणाच्याही अंगावर कधी चढले नसावे.