वहीतलं पहिलं बटण

त्याच्या कोटाचं तिसरं बटण तुटलं नसतं, तर तो दुकानाची पायरी कधी चढलाच नसता. इतके महिने तो टपाल दाराशी ठेवून, मान तुकवून पुढे जायचा. त्या सकाळी मात्र आत आला आणि एका हाताने कोट छातीशी आवळून धरत म्हणाला, "असलं एखादं मिळेल का? साहेबांच्या नजरेला पडायच्या आत हवंय."

दुकान मावशीचं, चाळीस वर्षांचं आणि फक्त बटणांचं. भिंतभर लाकडाचे छोटे खण, प्रत्येक खणावर आतल्या मालाचा नमुना म्हणून एक बटण शिवलेलं. मावशीचे डोळे अधू झाल्यापासून भाची दुकान सांभाळत होती. काळं, चार भोकांचं बटण शोधायला तिला क्षणभरही लागला नाही. ते कोटाला शिवायला मात्र, ज्यावरून मावशीने पुढे जन्मभर चिडवलं असा पाऊण तास लागला.

त्या पाऊण तासात पोस्टमनच्या लक्षात आलं की समोरचीचे डोळे रडून लाल झालेत. त्याने विचारलं नाही. मग तीच बोलती झाली. मालकाला जागा परत हवी होती. दोन महिन्यांत दुकान मागच्या गल्लीत हलायचं होतं, दुसऱ्या मजल्यावर. तिथे ना रस्त्यावरची काच, ना पाटी. मावशीने बजावून ठेवलं होतं, की जिना चढून कोणी आलं नाही तर खण विकून मोकळं व्हायचं. म्हणून भाचीने गिऱ्हाइकांना ईमेलने नवा पत्ता कळवायचं ठरवलं. पण गिऱ्हाइकांचे ईमेल होते कुठे? मावसभावाने त्याच्या कचेरीतली दोनशे पत्त्यांची आयती यादी दिली, आणि तिने आदल्याच दिवशी सगळ्यांना पत्र धाडून दिलं.

"मग?"

"एकाने लिहिलंय, आपण कोण? दुसऱ्याने तक्रार करायची धमकी दिलीय. आणि तिसरा म्हणतो, मी बटणं वापरत नाही, कृपया त्रास देऊ नये."

तो हसला. तिलाही हसू आलं, डोळे पुसता पुसता. मग तो गंभीर झाला.

"न मागता आलेलं पत्र लोक माझ्यादेखत जिन्यात फेकतात. मागून घेतलेल्या पत्राची मात्र दारात उभं राहून वाट बघतात. यादी विचारून करा, बटणबाई. एकेक करून."

"एकेक करून दोन महिन्यांत कितीशी होणार?"

"काढा तर वही... पहिला मी."

कोऱ्या वहीच्या पहिल्या ओळीत त्याने आपला ईमेल लिहिला. तिने खणातून तसंच आणखी एक काळं बटण काढलं आणि त्या ओळीशेजारी कागदाला शिवलं.

"हे कशाला?"

"म्हणजे कोण ते लक्षात राहील."

"विसरायचा विचार होता वाटतं?"

तिने सुईवरून नजर काढली नाही, पण कानाच्या पाळ्या तेवढ्या तापल्या.

तेव्हापासून तसाच रिवाज पडला. गिऱ्हाइकाला बटण द्यायचं, मग विचारायचं, महिन्यातून दोन पत्रं पाठवली तर चालतील का? हो म्हणेल त्याने स्वतःच्या हाताने वहीत लिहायचं, शेजारी त्याचं बटण. नको म्हणेल त्यालाही हसून निरोप. शिंपीकाकांना संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी सुनेचा ईमेल दिला आणि वाचून दाखवायचं काम तिच्या गळ्यात मारलं. शाळेच्या बाईंच्या नावाशेजारी लाल बटण बसलं, बाळंतिणीच्या नावाशेजारी एवढंसं बदकाचं. पहिलं पत्र नऊ जणांना गेलं. त्यात तिने मालाची जाहिरात केली नाही. मावशीच्या लग्नातल्या झग्याच्या शिंपल्याच्या बटणाची हकिगत लिहिली. आणि खाली एक ओळ, पत्र नको असेल तर इथे थांबवा.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन दाराशी येऊन म्हणाला, "पत्र पोचलं बरं का." एवढंच. पण आता त्याचा पाय दुकानातून लवकर निघेना. कधी तो शिंपल्याच्या बटणाबद्दल विचारी, कधी एखाद्या घरच्या भांडकुदळ मांजराची नक्कल करून दाखवी. सायकलची घंटा वाजायच्या सुमारास तिचा हात आपोआप केसांवरून फिरे. मावशीला दिसत कमी होतं, कळत मात्र सगळं होतं.

वही एकशे त्रेचाळीसवर आली. रविवारी दुपारी तिने दुकान हलण्याआधीचं शेवटचं पत्र पाठवलं. उद्या सकाळी दहाला नव्या जागेत या, जिन्याला कठडा आहे, दमलात तर मध्ये खुर्ची ठेवलीय.

सोमवारी सकाळी तिने संगणक उघडला. यादीत एकशे बेचाळीस. एकाने पत्र थांबवलं होतं.

पहिल्यानेच.

दहा वाजले आणि जिना वाजू लागला. शिंपीकाका सुनेचा हात धरून आले, शाळेच्या बाई दोन मैत्रिणींना घेऊन आल्या. पावलं मोजत बसलेल्या मावशीने तिसाच्या पुढे मोजणंच सोडलं. दुकान वाचलं होतं. भाची सगळ्यांशी हसून बोलत होती, आणि गर्दी जरा ओसरली तेव्हा वहीचं पहिलं पान उघडून कात्री हातात घेऊन बसली होती.

"कात्री ठेव," मावशी म्हणाली. "दीडशे लोकांना पत्रं लिहितेस, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी तोंडातून शब्द काढत नाहीस. आधी विचार, मग काप."

दुपारी तो आला. नव्या पत्त्यावरचं पहिलं टपाल त्याने टेबलावर ठेवलं. तिने ते उचललं नाही.

"पत्रं कंटाळवाणी होती का?"

"नाही."

"मग थांबवलीत ती?"

त्याने टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली.

"ती यादी... वाट चुकायची भीती असलेल्यांसाठी आहे. मला हा जिना दुकान हलायच्या आधीपासून पाठ आहे. आणि दिवसभर मी लोकांची पत्रं वाटतो. तुमचं आलं की वाटायचं, हे माझं. मग आठवायचं, अजून एकशे बेचाळीस जण हेच वाचतायत. मला तुझं... एकट्याला आलेलं हवं होतं. सांगायला धीर होईना, म्हणून थांबवलं. मूर्खपणाच केला."

मावशी एकाएकी पलीकडच्या खिडकीतलं ऊन बघायला निघून गेली.

भाचीने एक कागद ओढला. "मला वेळ लागेल."

"आज ही जागा शेवटची ठेवली होती," तो म्हणाला आणि पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसला.

तिने लिहिलं, थोडंच. मग कात्रीने वहीतलं पहिलं बटण सोडवलं आणि त्या कागदाच्या कोपऱ्याला शिवलं. घडी घालून पुढे केलं.

"तिकीट नाही लावलं," तो म्हणाला.

"हातोहात पोचवायचं होतं."

त्याने घडी उलगडली. वरच्या चार ओळी त्याने पुढे कधीच कोणाला दाखवल्या नाहीत, मावशीने इतका लकडा लावूनही. सगळ्यांना ठाऊक झाली ती फक्त खालची, जिथे ती नेहमी पत्र कसं थांबवायचं ते लिहायची. तिथे लिहिलं होतं, हे पत्र थांबवायची सोय नाही.